कलई पाह्यली काय?

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर माणूस आधी यजमानाला रामराम करतो. आमचे शेजारी मोतीरामभाऊ आधी मांडवामागे जात. तिथे आचाऱ्याच्या चुली पेटायच्या असत. भाऊ आचाऱ्याला म्हणत, "कढी कशात करतं? ते भगोनं जरा वाकडं कर." मग त्या रिकाम्या भगोन्यात ते डोकं घालत, इतकं की बाहेरून फक्त धोतर दिसे. आत बोट फिरवत, बोट उजेडात धरून निरखत, आणि मगच पुढे येऊन नवरीच्या बापाला भेटत. कधी म्हणत, "चांगलं आहे. येऊ द्या पंगत." कधी तितक्याच शांतपणे म्हणत, "कढी नोका वाढू. बाकी लग्न चांगलं आहे."

नांदुऱ्याकडच्या एका लग्नात त्यांना लोक सरकारी माणूसच समजले. वधूपक्षानं त्यांना टोपी, उपरणं आणि नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं. भाऊंनी टोपी घातली, नारळ पिशवीत टाकला आणि कढी तरीही ओतून टाकायला लावली.

हे सगळं कल्हईसाठी. तेव्हा घरोघरी पितळेची भांडी होती. त्यांना आतून कथलाचा पांढरा लेप, म्हणजे कल्हई, करून घ्यावी लागे. ती उडाली आणि भांड्यात चिंच, ताक असं आंबट काही राहिलं, की ते कळकायचं. हिरवट व्हायचं, त्याचं विष व्हायचं. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण लोक महिन्या-दोन महिन्यांनी कल्हईवाला आला की भांडी बाहेर काढत आणि एरवी विसरून जात. मोतीरामभाऊ एक क्षणही विसरत नसत. भेटल्यावर लोक "जेवले काय?" विचारतात, भाऊ विचारत, "कलई पाह्यली काय?"

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी बुलढाण्याकडच्या धाड गावचा. प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि मलकापूरला एक खोली आणि पडवी भाड्यानं घेतली. मधल्या भिंतीपलीकडे मोतीरामभाऊ. कापसाच्या बाजारात ते मापारी होते; काट्यावर गाठोडं चढलं की वजन ओरडून सांगायचं हे त्यांचं काम. उंच, वाळलेले, पन्नाशीचे. एकटेच राहत. बायको आहे, ती खामगावला भावाकडे असते, एवढंच गल्लीला माहीत होतं. स्वतःची भाकरी स्वतः थापत आणि डाळ मातीच्या मडक्यात शिजवत. मडक्याला कल्हई लागत नाही.

भाऊंना फक्त कल्हईचीच भीती होती असं नाही. तिखटात विटेची भुकटी असते, बर्फात गटाराचं पाणी असतं, दुधात काय असतं ते देवाला ठाऊक. दुसरा माणूस "मला जरा ताप आहे" म्हणतो तसं ते सांगत, "मले भेव लागते, मास्तर." लाज नाही, लपवाछपवी नाही.

आणि असा हा माणूस दर रविवारी हॉटेलात जायचा. बाजार बंद असला की धुतलेलं धोतर नेसून निघायचा. खानावळीत बसायचा, ताट मागवायचा, पैसे द्यायचा, जमलं तर भटारखान्यात डोकावायचा आणि एक घास न खाता परत यायचा. संध्याकाळी भिंतीवरून आम्हाला अहवाल मिळे.

"आज स्टँडापाशी गेलो होतो. वरणात दाळ आहे काय पाह्यलं. दाळ गावाले गेली होती."

"आणि भजी, भाऊ?" माझी बायको कुसुम विचारी.

"भजे असे, मास्तरीणबाई, की कोणाले फेकून मारले तर पोलीस येतीन."

"मग जाता कशाला?"

"कोणीतरी पाह्यलं पाह्यजे ना," भाऊ म्हणत आणि भिंतीआड होत.

भीती ही खरजेसारखी असते, शेजारून लागते. वर्षभरात मीसुद्धा घरच्या पातेल्यात डोकावायला लागलो. एकदा कुसुमनं आमटी वाढता वाढता डाव थांबवला आणि म्हणाली, "तुम्ही असं करा, भिंतीपलीकडेच जेवायला जात जा." तेव्हापासून मी तिची पाठ वळल्यावर डोकावू लागलो.

त्याच सुमारास स्टेशनच्या रस्त्यावर मद्रासी हॉटेल निघालं. मालक मंगळूरकडचा होता. आपण मद्रासी नाही हे त्यानं पहिले आठ दिवस सगळ्यांना सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. लोक त्याला अण्णा म्हणत. मलकापुरात तोवर डोसा कोणी पाहिला नव्हता. ज्यांनी मुंबईला खाल्ला होता ते कापसाचे दलाल हातानं त्याची लांबी दाखवत. कुसुमला तेव्हा दिवस गेले होते, पाचवा लागला होता, आणि तिनं पंधरा दिवस आधीपासून डोशाचा ध्यास घेतला होता.

आम्ही निघालो तसे भाऊही निघाले. "मी येतो. मी काही खात नाही, फक्त पाहतो."

डोसा आला. एका बाजूनं काळा, दुसऱ्या बाजूनं कच्चा. नारळ मिळत नाही म्हणून चटणी शेंगदाण्याची, आणि सांबार म्हणजे पिवळं, आंबट पाणी. आजूबाजूला सगळ्या टेबलांवर तीच निराशा पसरली होती. पण पैसे गेलेले, म्हणून प्रत्येक जण मान डोलवत खात होता. कुसुमनं शेवटचा तुकडा संपवला. पाणी पिऊन म्हणाली, "धिरडंच आहे की. आपल्या धिरड्याला निदान मीठ असतं."

इतक्यात भटारखान्यातून आवाज आला. भाऊ आत पोचले होते.

"बर्तन दिखाव."

"कौन सा बर्तन, भाई?"

"जिसमें वो पतला वरण पकाया."

सगळं हॉटेल वळून बघू लागलं. मी मान खाली घातली. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "कलई पातळ झाली आहे. सांगितलं त्याले, महिना निभते, पुढं नाही."

एवढा वाईट डोसा. पुन्हा कोण जाईल? पण पोटुशी बाईच्या जिभेचं काही सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी कुसुम म्हणाली, "ते सांबार वाईटच होतं हो, पण आंबट छान होतं." तिला घरच्या चिंचेनं बरं वाटेना, कैरीनं बरं वाटेना. मग आम्ही दोन-तीन रविवार गेलो. डोसा दर वेळी नव्या तऱ्हेनं बिघडलेला असे. एकदा आतला बटाटा बर्फासारखा गार, एकदा डोसाच नाही, त्याचे तुकडे. कुसुम ते बाजूला सारून सांबाराच्या वाट्या पिई. भाऊ भिंतीशी उभे राहून तिच्याकडे बघत. ते आत जाऊन अण्णाला सांगत आणि अण्णा हात जोडून सांगे, "कलईवाला गाँव गया है, भाई, शादी में. आया की करता."

एका शनिवारी भाऊ मला अडवून म्हणाले, "मास्तर, उद्या जाऊ नोका. पितळ दिसाले लागलं आहे."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटू लागली होती. शाळेतले एक-दोन गुरुजी मला 'कल्हईवाल्याचे शेजारी' म्हणत होते. रविवारी भाऊ आंघोळीला बसल्याचा आवाज आला तसा मी कुसुमला म्हणालो, "चल, मागच्या गल्लीनं जाऊ."

हॉटेलात त्या दिवशी बरं वाटलं. भिंतीशी कोणी उभं नव्हतं. मी चहा घेतला, तिनं सांबार मागवलं. दुसरी वाटी संपवताना ती म्हणाली, "आज जीभ कशीशीच होतेय."

मी काही म्हणायच्या आत दारात मोतीरामभाऊ दिसले. डोक्यावर टोपी नव्हती, केसांतून पाणी गळत होतं. ते भटारखान्याकडे गेले नाहीत. सरळ आमच्या टेबलाशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "मास्तरीणबाई, वाटी खाली ठेवा."

तिनं ठेवली.

"किती घेतलं?"

"दोन वाट्या," कुसुम म्हणाली.

भाऊ तिथेच फरशीवर बसले. जवळच्या टेबलावरचा एक हमाल हसला. मी मात्र उठून उभा राहिलो, कारण भाऊंचा चेहरा पांढरा फटक पडला होता आणि ते कुसुमकडे न बघता तिच्या पोटाकडे बघत होते. मग ते उठले. "टांगा आणतो. दवाखान्यात चला."

"अहो, तिला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला नाही. टांगा आणला. रेल्वे फाटकाजवळ टांगा थांबला तेव्हा कुसुमला पहिली उलटी झाली.

त्यानंतरचे चार-पाच तास मी कधी कोणाला नीट सांगू शकलो नाही. दवाखान्यात एक डॉक्टर, एक नर्स. पाठोपाठ आणखी सहा-सात जण आले, तो हसणारा हमालही आला, वाकून, पोट धरून. डॉक्टरांनी "काय खाल्लं?" विचारलं आणि उत्तर ऐकून नर्सकडे नुसतं पाहिलं. मिठाचं पाणी पाजून पाजून ते उलट्या करवत होते. कुसुम माझा हात धरून होती. तिचं अंग गार लागत होतं आणि ती एकच विचारत होती, "पोटातलं ठीक असेल ना हो?" मी "हो" म्हणत होतो. मागच्या गल्लीनं मी तिला नेलं होतं, हे मला दर "हो"बरोबर आठवत होतं.

भाऊ आत आले नाहीत. व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभे होते. मी एकदा बाहेर गेलो.

"बोलते काय?" त्यांनी विचारलं.

"बोलते."

"पाणी मागते काय?"

"मागते."

"बोलू द्या तिले," भाऊ म्हणाले. "बोलणं थांबलं तर मले सांगा."

पाच वाजता डॉक्टर म्हणाले की बाई वाचली. बाळाचं आत्ता सांगता येत नाही. हालचाल होते का बघायची, वाट बघायची. कुसुमला झोप लागली. मी भाऊंना सांगायला बाहेर आलो तर खांबाशी कोणी नव्हतं.

इतका वेळ जी भीती होती तिचा मग राग झाला. मी स्टेशनच्या रस्त्यानं तरातरा निघालो. अण्णाला चार लोकांत झोडपायचं एवढंच डोक्यात होतं. हॉटेलापुढे पन्नासेक माणसं जमली होती. पाटी खाली पडलेली, एक काच फुटलेली. कोणीतरी मला वाट करून देत म्हणालं, "जा मास्तर. भाऊ आधीच गेले आत. चांगली खबर घेऊन राह्यले असतीन त्याची."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत खुर्च्या उलट्या टेबलांवर ठेवलेल्या. भटारखान्याच्या उंबऱ्यात अण्णा बसला होता, गुडघ्यांत तोंड घालून. त्याच्यापुढे मोतीरामभाऊ उकिडवे बसून ते सांबाराचं पातेलं राखेनं घासत होते आणि घासता घासता त्यांच्या त्या हिंदीत बोलत होते.

"शेगाव टेसन के सामने मेरी भी खानावळ थी. छोटी. आठ पाट की. बाप के मळे की भाजी, और कढी मैं खुद बनाता था. मेरी कढी के वास्ते लोग गाडी छोड देते थे."

अण्णानं मान वर केली नाही.

"कलईवाला बोला, भाऊ, इस हफ्ते करवा लो. मैं बोला, अगले हफ्ते. गर्दी थी." भाऊ राख पुसून पातेल्यात बघत राहिले. "मेरी छोकरी थी. छे साल की. कढी की पहिली वाटी उसकी रहती थी. रोज. गिऱ्हाईक के पहले."

मी दारातच थांबलो.

"लोगों को कुछ नहीं हुआ," भाऊ म्हणाले. "लोगों तक कढी पहुँची ही नहीं."

अण्णानं तेव्हा वर पाहिलं आणि मग तो रडू लागला. भाऊंनी त्याला समजावलं नाही, हात लावला नाही. पातेलं घासत राहिले. थोड्या वेळानं त्यांना मी दिसलो.

"बोलते ना अजून?"

"झोपली आहे," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले, वाचली."

भाऊंनी डोळे मिटले. उघडल्यावर माझ्या मुठीकडे पाहिलं. "मास्तर, तिच्यापाशी जाऊन बसा. हा माणूस पळून जात नाही. मी आहे इथं."

मग ते उठून राखेच्या हातांनी बाहेर गेले. लोक वाट बघतच होते. भाऊ म्हणाले, "ज्याले मारायचं असंन त्यानं आधी मले मारा. पितळ मी काल पाह्यलं होतं. पाह्यलं अन् घरी जाऊन भाकर खाल्ली. भगोनं उलटं केलं नाही." माणसं रेंगाळली, मग एकेक करून पांगली.

बाकीचे सगळे दोन दिवसांत बरे झाले. आमची भीती मात्र संपली नाही. आठ दिवस कुसुम पोटावर हात ठेवून निजून होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत असे. भाऊ रोज सकाळी भिंतीशी येत. बाईमाणसाला असं विचारायचं नसतं, म्हणून मला विचारत, "सगळं ठीक?" मी मान हलवत असे, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. ते आल्या पावली परत जात. नवव्या दिवशी सकाळी कुसुम एकदम उठून बसली, माझा हात ओढून पोटावर ठेवला आणि म्हणाली, "आधी भाऊंना सांगून या."

मी सांगितलं. भाऊ "बरं" म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी ते बाजारात गेले नाहीत.

महिन्यानं अण्णानं हॉटेल पुन्हा उघडलं. कल्हईवाला परतला होता. भाऊंनी त्याला भर रस्त्यावर, हॉटेलाच्या दारात भट्टी मांडायला लावली. नवसागराचा धूर रस्ताभर झाला. भांडी चांदीसारखी पांढरी झाली. तरी एकही गिऱ्हाईक पायरी चढेना. समोरच्या पानठेल्याशी माणसं गारुड्याचा खेळ बघायला जमावीत तशी उभी होती. त्यांत मीही होतो.

तेव्हा मोतीरामभाऊ आत गेले, दर्शनी टेबलावर बसले आणि म्हणाले, "अण्णा, एक डोसा."

डोसा आला, सांबार आलं. भाऊंच्या हाताला इतका कंप होता की वाटी तोंडाशी जाईपर्यंत अर्धी सांडली. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. मग एकेक तुकडा मोडत, घामानं भिजत, त्यांनी सगळा डोसा खाल्ला. शेगावच्या त्या दिवसापासून हा माणूस दुसऱ्याच्या हातचं काही जेवला नसावा. खाऊन झाल्यावरही ते उठले नाहीत. तासभर तिथेच बसून राहिले, आपण जिवंत आहोत हे सगळ्यांना दिसावं म्हणून. तासानं बाहेर आले आणि पानठेल्याकडे बघून म्हणाले, "काही झालं नाही. डोसा बेकार आहे, तो बेकारच राहीन. पण काही झालं नाही."

दोन हमाल हसत पायरी चढले. त्यांच्यामागे आणखी कोणी गेलं.

कुसुम बाळंतपणाला माहेरी बुलढाण्याला गेली आणि दोन महिन्यांची मुलगी घेऊन परत आली. त्या संध्याकाळी भाऊ आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "दुरूनच पाहतो," म्हणाले.

कुसुम मुलीला घेऊन उंबऱ्याशी येऊन बसली. शेगावची हकीकत मी तिला सांगितली होती. गल्लीत दुसऱ्या कोणाला नाही. तिनं मुलीचं दुपटं सारखं केलं. मग तिनं विचारलं, "भाऊ, तुमच्या लेकीचं नाव काय होतं?"

मला वाटलं, हे विचारायला नको होतं. भाऊ हळूहळू खाली बसले. म्हणाले, "वच्छी. वच्छला."

"हिचं बारसं राहिलंय अजून. तेच नाव ठेवू का?"

"नोको, पोरी," भाऊ म्हणाले. "तिचं तिलेच राहू द्या."

कुसुमनं मान हलवली. "कशी होती?"

"तिले र म्हणता येत नव्हता," भाऊ म्हणाले. "मले मोतीलाम म्हणे. लोक म्हणत, बापाले नावानं हाक मारते, रागव तिले. मी कायले रागवतो? गाडी आली की दारात जाऊन डबे मोजे. सातापर्यंत येत होतं. आठवा डबा आला की पुन्हा एकपासून."

मग ते बोलतच राहिले. कुसुम मधूनमधून काही विचारी, ते सांगत. मुलगी तिच्या मांडीवर झोपून गेली होती. मी दिवा लावला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो.